दादा टीव्हीवर आला त्याचं सगळं

पुणे
रविवार, दुपार

प्रिय मंदे,

दिवाळीआधी लिहायचं ठरवलं होतं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आता लिहितेय. रागव, पण थोडक्यात. माझं बीपी होतं तिथेच आहे, ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तुझ्या गुडघ्याचं कळलं. बर्फात शहाणपणा करायला जाऊ नकोस. झालं तब्येतीचं.

लिहायला बसलेय ती दादासाठी. वहिनीला सांगता येत नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि मुलांना सांगितलं की ती म्हणतात, "आई, चिल." दादा म्हणजे काय हे मुळापासून समजावत बसावं लागणार नाही असं माणूस तूच उरलीस.

तो टीव्हीवर आला हे तुझ्या लेकीने दाखवलंच असेल. एका वाहिनीचा छुप्या कॅमेऱ्याचा कार्यक्रम आहे, रविवारी रात्री लागतो. नवीन काही नाही, मुलं लहान असताना एमटीव्हीवर सायरस ब्रोचाचा 'बकरा' बघून खिदळायची, तसंच. आणि तुझ्या मॉन्ट्रियलमध्ये ते 'जस्ट फॉर लाफ्स गॅग्ज'वाले २००० सालापासून रस्त्यारस्त्यांवर दुसरं काय करतात? त्यात निदान कोणी बोलत तरी नाही. तुझ्याकडे येताना ह्यांनी विमानात तेच लावलं होतं, आणि शेजारच्या सीटवरच्या झोपलेल्या बाईला उठवून दाखवलं होतं. असो.

तर शनिपाराच्या कोपऱ्यावर नारिंगी जाकीट आणि हेल्मेट घातलेला एक पोरगा उभा. येणाऱ्याला म्हणायचं, "काका, रस्त्याचं माप घ्यायचंय, माणूस कमी आहे, टेपचं टोक जरा धरता का?" टोक हातात द्यायचं, टेप उलगडत कोपऱ्यापलीकडे जायचं, तिथे दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात दुसरं टोक द्यायचं आणि पळ काढायचा. कोण किती वेळ उभं राहतो ती गंमत. बहुतेकांनी दोन-चार मिनिटांत टोक खाली टाकलं. एका बाईंनी तर "तुमच्या साहेबाला बोलवा" म्हणून त्या पोरालाच धारेवर धरलं. दादा बेचाळीस मिनिटं उभा होता. पडद्यावर कोपऱ्यात घड्याळच लावलं होतं त्यांनी.

मंदे, तो कसा उभा होता ते बघ. टोक जमिनीलगत, एक गुडघा टेकलेला, टेप ताठ. स्कूटरवाल्यांना हाताने बाजूने काढतोय, "सावकाश, माप चालू आहे." एका मुलीला सांगतोय, "पलीकडे साहेब असतील, त्यांना म्हणावं शून्य माझ्याकडे पक्कं आहे." सिटी सर्व्हेत अख्खी नोकरी गेली गं त्याची! टोक धरणाऱ्याने हलायचं नसतं, वाचन घेणारा 'सोड' म्हणेपर्यंत. टोक हललं की मोजणी चुकते, मोजणी चुकली की दोन भावांत कोर्ट लागतं, हे आपण त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलंय. पण हे कार्यक्रमात कुठेच नाही. वाहिनीने मागे 'टुणुक टुणुक' संगीत लावलंय, गुडघा टेकताना तीनदा सावकाश दाखवलाय आणि डोक्यावर शिंगं काढलीत.

दुसरं टोक कॉलेजातल्या एका मुलाकडे गेलं होतं. त्याने अर्ध्या मिनिटात ते विजेच्या खांबाला बांधलं आणि वडा खायला गेला. त्याला पडद्यावर 'स्मार्ट पूणेकर' म्हणून बिल्ला मिळाला. टेपला ताण होता म्हणून दादाला वाटत राहिलं, पलीकडे कोणी तरी धरून आहे.

शेवटी ती निवेदिका फुगे घेऊन धावत आली, "काकाऽ, कॅमेऱ्याकडे बघा!" दादा बघतो, हसतो, आणि विचारतो, "मग माप झालं का?"

ह्यावर सगळे सर्वांत जास्त हसले.

सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून बघितलं सगळ्यांनी, मीही होते. तळमजल्यावरच्या बायका "बिचारा" म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणता पदराने डोळे पुसत होत्या, हसून. सून एकटी हसली नाही, उठून चहा करायला गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांचा आक्षेप एवढाच की 'पुणेकर'मधला 'पु' दीर्घ लिहिलाय. त्यांनी वाहिनीला पत्र पाठवलं म्हणे, पोचपावतीसह. माझा मुलगा म्हणाला, दावा ठोकू. त्यावर नातवाने मोबाइलमधून शोधून काढलं की अमेरिकेत २००१ साली अॅरिझोनातल्या एका विमानतळावर असल्याच कार्यक्रमाने एकाला सामान तपासायच्या पट्ट्यावर झोपायला लावलं, त्याला इजा झाली, आणि कोर्टाने तीन लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. दादा म्हणाला, "मला काय झालंय? गुडघा आधीपासूनच दुखतोय." शिवाय त्याने सही दिली होती. कागदाचं प्रत्येक पान वाचून, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून. का दिलीस, म्हटलं, तर म्हणतो, "ती पोरगी सकाळपासून उन्हात उभी होती, मी नाही म्हटलं असतं तर तिचा दिवस फुकट गेला असता." त्याला वाहिनीने एक मग दिलाय. वहिनी त्यात कढीपत्ता ठेवते.

हसण्याचं त्याला काही वाटलं नाही, खरं सांगते. राग आला तो त्या कॉलेजच्या मुलाचा. "खांबाला बांधलं! गाठीत गेलेली लांबी कोण वजा करणार?" आणि दुखलं कधी, तर हास्यक्लबातले एक जण म्हणाले, "सगळं ठरवून असतं हो. किती मिळाले?" तिथे तो गप्प झाला. बावळट ठरणं त्याला चालतं, पैसे घेऊन बावळटपणा केला असं कोणी म्हणालेलं चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून हास्यक्लब बंद. टीव्हीवर आल्यामुळे हास्यक्लब सोडणारा पुण्यातला पहिला माणूस असेल.

इथपर्यंत गंमत होती. आता खरं ते ऐक.

त्यानंतर दादाला प्रत्येक जण नट वाटायला लागला. कोणी पत्ता विचारला की हा झाडांकडे बघतो, केसांवरून हात फिरवतो. पर्वतीच्या पायथ्याशी एका आजीने पाकिटावरचं नाव वाचून मागितलं, तर म्हणाला, "आज कुठल्या वाहिनीचं?" बँकेत रोखपालाने सही जुळत नाही म्हटलं तर हसून त्याची पाठ थोपटली. आम्ही हसायचो. मीही हसायचे, कारण गेली पन्नास वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी ज्याची घरची कामं अडली, तो जरा सावध झाला तर वाईट काय?

ट्रकचं आठवतंय ना? कसं नाही आठवणार! तुमच्याकडे पोहे तयार, तू माझ्याच मोरपंखी साडीत, आणि हा लक्ष्मी रोडवर बंद पडलेला ट्रक ढकलून ग्रीसचे हात घेऊन दीड तास उशिरा. तुझे बाबा म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण व्यवहार नाही. तू ताटली ठेवून आत गेलीस ती बाहेरच आली नाहीस. त्यावरून आपण दोघी दोन वर्षं हुजूरपागेसमोरून वेगवेगळ्या फुटपाथने गेलो. तू अजूनही म्हणतेस की तुला कोणी विचारलंच नाही. मी अजूनही म्हणते, तोंड होतं ना? जाऊ दे, आता सत्तरीला भांडायचं तर समोर बसून भांडू.

तर गेल्या महिन्यात दादा बुधवारी जेवायला आला (तो बुधवारीच येतो, वहिनीची भिशी असते) आणि हात धुता धुता सांगायला लागला. "आज मी फसलो नाही." सारसबागेजवळ एक माणूस फुटपाथवर बसला, घामाघूम, हात पुढे करून म्हणाला, "काका, जरा धरा." दादाने आजूबाजूला बघितलं, पलीकडे एक व्हॅन उभी होती. व्हॅनकडे बघून हात हलवला, त्या माणसाला म्हणाला, "आज टेप नाही आणली?" आणि निघून आला. "पण काम छान करत होता हं," म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळ्यावाल्या मावशी उशिरा आल्या. भावाला ॲडमिट केलंय म्हणाल्या, साखर एकदम उतरली, सारसबागेजवळ पडला, कोणा रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं. मग पोळी लाटता लाटता म्हणतात, "ताई, लोक कसे असतात बघा. एक चांगला दिसणारा म्हातारा हसला त्याच्याकडे बघून. टेप कुठाय, असं काही तरी विचारलं आणि गेला."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

माणूस आता बरा आहे, घरी आला, कामावरही जातो. मी मावशींना पैसे दिले, त्यांना वाटलं मी फार चांगली आहे. आणि दर बुधवारी दादा येतो, मावशी त्याला गरम पोळी वाढतात, "दादांना तूप जास्त," म्हणतात. त्याला ती गोष्ट पुन्हा सांगायची हुक्की येते, नातू आग्रह करतो, आणि मी मध्येच पाण्याची टाकी भरली का, गॅसचा वास येतोय का, असलं काही तरी काढते. ह्यांना वाटायला लागलंय की माझं डोकं फिरलंय.

त्या नातवानेच मागे एक हकीकत सांगितली होती. ह्या असल्या कार्यक्रमांचा मूळपुरुष अॅलन फंट. १९४७ साली त्याने रेडिओवर सुरू केलं, पुढच्या वर्षी टीव्हीवर आणलं, 'कॅन्डिड कॅमेरा' नावाने गाजलं. १९६९च्या फेब्रुवारीत तो बायकामुलांसह न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून मायामीला निघाला होता, आणि ते विमान खरोखरच पळवलं, क्यूबाला नेलं. पण प्रवाशांनी ह्याला ओळखलं. झालं, सगळ्यांना वाटलं कॅमेरा कुठे तरी लपवलाय! चाकू दिसतोय तरी लोक हसताहेत, आणि हा बिचारा जीव तोडून सांगतोय की हे माझं काम नाही. जेवताना ऐकलं तेव्हा दादाला इतकं हसू आलं की ठसका लागला. आता मला रात्री तेच विमान आठवतं, आणि त्यात सारसबागेजवळचा फुटपाथ.

सांगू का त्याला? तू म्हणशील, सांग. पण सांगितलं की काय होईल ते तुलाही माहीत आहे. तो सरळ मावशींच्या घरी जाईल, जनता वसाहतीचा चढ चढून, त्या गुडघ्याने. त्या माणसापुढे हात जोडेल. मग दर आठवड्याला त्याची साखर तपासायला घेऊन जाईल, वहिनी वैतागेल, आणि स्वतःला मात्र शेवटपर्यंत माफ करणार नाही. ट्रकवाल्याने दादाला दोन रुपये देऊ केले होते आणि ह्याने घेतले नाहीत; घेतले असते तर ट्रकवाल्याला वाईट वाटलं नसतं, असं तो परवापर्यंत म्हणत होता. हा असा माणूस.

आणि नाही सांगितलं तर तो असाच झाडांकडे बघत हसत फिरणार. ह्या वेळी रिक्षावाला होता. वाहिनीवर मी काय राग काढू? त्यांनी चार मिनिटं दाखवलं, पुढच्या रविवारी दुसरा कोणी. हसलेल्यांवर तरी काय काढू, त्यात मीही होते आणि दादा स्वतःही. सगळे म्हणतात, निरुपद्रवी गंमत आहे. ज्याची गंमत झाली त्याला उपद्रव झालाच नाही, तेही खरंच! झाला तो तिसऱ्याच माणसाला, ज्याने तो कार्यक्रम कधी बघितलाही नाही, कारण त्या वेळी त्याची रात्रपाळी असते.

मावशींना आधी सांगावं का, असंही वाटून गेलं. पण मग त्या तूप कसं वाढतील?

म्हणून तुला लिहितेय. तू त्याला लिही. त्या पोह्यांच्या दिवसानंतर तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द दादाने काढला नाही, आणि तुझं पत्र आलं की तो ते खोलीत नेऊन वाचतो, वहिनीला माहीत आहे आणि तिला चालतं. माझ्याकडून ऐकलं तर त्याला वाटेल धाकटी बहीण दोष देतेय. तुझ्याकडून आलं तर तो बसून नीट वाचेल. कसं लिहायचं ते तुझं तू बघ, निबंधात तुलाच पहिला नंबर मिळायचा, आणि तेही बाईंच्या भाचीशी तुझी मैत्री होती म्हणून, हे मी मरेपर्यंत म्हणणार. फक्त 'माप' शब्द घालू नकोस.

लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं, छान. नाव अजून ठरलं नसेल तर तुझ्या सासूबाईंचं ठेवू नका, एवढंच. जावयांची नोकरी बदलली का? गोडा मसाला आणि भाजणी माझ्या भाचेसुनेबरोबर पाठवतेय, ती जानेवारीत टोरांटोला येतेय, तिथून तुमचं तुम्ही मागवून घ्या.

दादाला पत्रच लिही, फोन करू नकोस. वहिनी फोन स्पीकरवर ठेवते, आणि बुधवारी केलास तर मावशीही ऐकतील.

तुझी,
सुमा