इंटर्नना शिकवायला निघालेल्या मित्राला

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून तुझ्या हाताखाली एक्स-रे शिकणारे इंटर्न येणार हे वाचून फार आनंद झाला. आपण शिकलो तसं मात्र त्यांना शिकवू नकोस. आपण मागे उभे राहून बघायचो आणि एक दिवस कुणीतरी म्हणायचं, 'चल, आता तू घे.' माझा पहिला छातीचा एक्स-रे तिसऱ्या खेपेला जमला. आधी खांद्याची पाती फुप्फुसावर आली. मग श्वास कधी धरायचा हे मी नीट सांगितलं नाही. माझ्या शिकण्यापायी त्या माणसाला दोन एक्सपोजर जास्त बसले. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून मी सुरुवात फँटमवर करतो. हा पुतळा किरण शोषतो आणि विखुरतो तो जवळपास आपल्या शरीरासारखा, त्यामुळे त्याच्यावर वीसदा चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आणि एक गोष्ट फक्त तिथेच दाखवता येते. फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची. चूक तिथल्या तिथे समोर यायची. डिजिटलने हा आरसाच काढून घेतला. गुडघ्याच्या फँटमवर ६५ केव्हीपी (किरणांची भेदकता ठरवणारं व्होल्टेज) तसेच ठेवून ४, ८ आणि १६ एमएएसवर (म्हणजे किरणांचं प्रमाण दर वेळी दुप्पट करत) तीन चित्रं घे आणि मुलांना विचार, जास्त डोस कशात आहे? स्क्रीनवर तिन्ही छानच दिसतात, उलट शेवटचं जरा जास्तच स्वच्छ! मग डेव्हिएशन इंडेक्स दाखव, म्हणजे एक्सपोजर हवं त्यापेक्षा किती कमी-जास्त झालं ते सांगणारा आकडा; शून्य म्हणजे नेमकं हवं तेवढं. ४ एमएएसला तो शून्याजवळ असेल, तर १६ ला अधिक ६ च्या आसपास जातो, म्हणजे एक्सपोजर चौपट. त्या क्षणी मुलं गप्प होतात. त्यानंतर प्रत्येक चित्राखालचा तो आकडा ती आपणहून बघू लागतात.

पण फँटमला दुखत नाही, त्याला भीतीही वाटत नाही. म्हणून दुसरा सराव जिवंत माणसावर. एखादा सहकारी पेशंट होतो. एक्स-रेची ट्यूब पूर्ण बंद. यात कधीही सूट देऊ नकोस. मागे एकदा सहकारी खुब्याचं हाड मोडलेला पेशंट झाला होता. इंटर्न मुलगी हुशार, पुस्तकात वाचल्याप्रमाणे तिने पाय आत वळवायला घेतला आणि तो ओरडला. ती जागीच थिजली. फ्रॅक्चरचा संशय असेल तर पाय वळवायचा नाही, लॅटरलसाठी, म्हणजे बाजूने घ्यायच्या चित्रासाठी, किरण आडवा घ्यायचा, हे तिला पाठ होतं. हात लावताना आठवलं नाही, एवढंच.

खरं शिक्षण त्यानंतरच्या दहा मिनिटांत झालं. पूर्वी मी लगेच चुका सांगत सुटायचो. आता आधी विचारतो, 'तुला काय वाटलं? कुठे अडलीस?' तिने स्वतःच सांगितलं, 'मी एक्स-रेचा अर्ज वाचला, पण त्यांना काही विचारलंच नाही.' माझ्या तोंडून हे आलं असतं तर ते तिच्यापर्यंत पोचलं नसतं. त्याच दिवशी तिला तो प्रसंग पुन्हा करायला लावला. हे विसरू नकोस, नाहीतर मुलगी फक्त ओशाळून घरी जाते.

बोलताना नेमकं बोल. 'पोझिशनिंग सुधार' म्हटल्याने कुणाला काय कळणार? 'कोपर पुढे आणले नाहीस, म्हणून पाती बाहेर गेली नाही' असं सांग. एका वेळी दोनच गोष्टी, आणि जे बरोबर केलं तेही तितक्याच नेमकेपणाने. डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर लावायला न विसरणाऱ्या मुलाला ते कुणी सांगतच नाही.

तुमच्याकडची बाद झालेली चित्रं, नावं काढून, जपून ठेवायला आजपासूनच सांग. सरावाचे प्रसंग त्यातूनच रचता येतात. पहिला आठवडा कसा गेला ते सविस्तर लिही, विशेषतः कुणी काय विचारलं ते. मी वाट बघतोय.

तुझा,
श्रीधर