फोर्लीला नेलंत त्याबद्दल, आजी

खालच्या मजल्यावरच्या आजींना,

हे पत्र लेक तुम्हाला इटालियनमध्ये वाचून दाखवेलच.

नवरा अमेरिकन आर्मीत, पोस्टिंग विचेन्झाला, त्यातही एक्सरसाइझ म्हणून सारखा जर्मनीत, मागे मी, लेक आणि कागदपत्रं. सोजोर्नोसाठी, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, क्वेस्तुरात, पोलिसांच्या मुख्य ऑफिसात, तुम्ही माझ्यासोबत ताटकळलात, बॉयलर बंद पडला तेव्हा तुम्हीच मेकॅनिकला आणलंत. त्याबद्दल थँक्यू आहेच, पण आज लिहितेय ते फोर्लीसाठी.

आमच्या घरातलं भांडण माझ्या जन्माआधीचं. थोरले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत आले आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईत गेले. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे सख्खे आजोबा, तेव्हा साताऱ्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारात भूमिगत. एक भाऊ इंग्रजांच्या वर्दीत आणि दुसऱ्याच्या मागावर इंग्रजांचे पोलीस! बाबा म्हणतात पगारासाठी इंग्रजांची चाकरी केली, चुलतकाका म्हणतात हिटलर-मुसोलिनीशी लढून जीव दिला त्याला काही किंमत आहे की नाही. माझं लग्न झाल्यापासून त्यात भर पडली, हिचाही नवरा परक्या देशांत बंदूक घेऊन फिरतो. हे मला फार लागतं.

तुम्हाला जिन्यात हे मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं आणि सेनिओचं नाव ऐकून तुम्ही पायरीवर बसलातच. तुम्ही त्याच काठच्या, १९४४-४५ चा हिवाळाभर फ्रंट तिथेच अडकलेला आणि तुम्ही एवढीशी पोर, तळघरात. वडील पार्टिझान, म्हणजे जर्मन आणि मुसोलिनीविरुद्ध लपूनछपून लढणारे, मामा मुसोलिनीच्या सालो सरकारच्या फौजेत, आणि तुमच्याकडेही अजून कोणी माघार घेतलेली नाही.

मग तुम्ही भाच्याला गाडी काढायला लावून मला फोर्लीच्या इंडियन आर्मी सिमेट्रीत नेलंत. दहन झालेल्या सैनिकांची नावं तिथे कोरलीयत, तुम्ही ओळीवर बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचत होतात, अडखळत, पण एकही न गाळता. आजोबांचं नाव सापडल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावायला लावलात आणि फोन स्वतः धरून उभ्या राहिलात. आयुष्यभर त्यांना 'इंग्रजांचा शिपाई' म्हणणारे बाबा त्या दिवशी 'आप्पा' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांचं काकांशी पुन्हा वाजलं ते सोडा. कोण बरोबर, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, हे मी विसरणार नाही.

पुढच्या वर्षी दोघंही येतायत. एकाच गाडीतून फोर्लीला नेणार आहे, तुम्ही पुढे माझ्याशेजारी बसा, मागे त्यांना भांडू दे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची