मणक्याच्या शस्त्रक्रियेचे संगणकीय नियोजन आणि कोकणातील रुग्ण

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रुग्णाच्याच कण्याची प्रतिकृती संगणकावर उभारून तिच्यावर मणक्यांत बसवायचे स्क्रू, त्यांना जोडणाऱ्या सळ्या आणि भार यांचे प्रयोग करून पाहण्याच्या पद्धतीविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून बरेच छापून येऊ लागले आहे. हा विषय मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा, असे समजून कोकणातील वाचक ते पान उलटतो, आणि माझा आक्षेप त्या समजुतीला आहे. प्रतिकृती मुंबईत तयार होवो की आणखी कुठे, तिचा कच्चा माल म्हणजे सीटी स्कॅन, आणि तो पुष्कळदा चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळ येथेच काढलेला असतो. तो कसा काढला जातो आणि रुग्णाच्या हाती कोणत्या रूपात पडतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. माझी नोकरी यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात गेली. त्यामुळे वैद्यकीय बाजूवर मी अधिकाराने बोलणार नाही, पण त्यामागचे गणित माझ्या परिचयाचे आहे.

या नियोजनाचे दोन प्रकार आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. पहिल्यात केवळ आकार पाहिला जातो. स्कॅनच्या कापांवरून, म्हणजे एकेका छेदाच्या चित्रांवरून, प्रत्येक मणका वेगळा करून त्याची त्रिमितीय आकृती तयार केली जाते आणि स्क्रू कुठून, किती तिरका व किती लांबीचा घालायचा हे आधीच ठरवले जाते. स्क्रू हाडाच्या ज्या अरुंद दांड्यातून, म्हणजे पेडिकलमधून, जातो तो छातीच्या मधल्या भागात काही मिलिमीटरच रुंद असतो आणि त्याच्या आतल्या बाजूला लागूनच मज्जारज्जू असतो, हे लक्षात घेतले की या तयारीचे मोल कळते. बाक आलेल्या कण्यात मणके स्वतःभोवती वळलेलेही असतात, त्यामुळे तिथे अंदाजाला आणखीच कमी वाव राहतो. हा प्रकार आता अनेक ठिकाणी नेहमीच्या वापरात आला आहे.

दुसरा प्रकार बलांच्या हिशेबाचा. त्यात हाडे, मणक्यांमधल्या गाद्या आणि हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध यांचे लाखो बारीक घटकांत विभाजन करतात, प्रत्येक घटकाचा ताठपणा ठरवतात आणि माणूस उभा राहिला, वाकला किंवा वळला तर कुठे किती ताण येईल याची समीकरणे संगणकाकडून सोडवून घेतात. पूल, विमानाचे पंख आणि इंजिनाचे दांडे याच पद्धतीने तपासले जातात. कण्यासाठी तिचा वापर १९७० च्या दशकात सुरू झाला. घट्ट हाड क्ष-किरण अधिक अडवते, म्हणून स्कॅनमधील करडेपणावरून हाडाच्या ताठपणाचा हिशेब मांडता येतो आणि ठिसूळ झालेल्या हाडात स्क्रू किती तग धरेल याचा अदमास त्यातूनच बांधला जातो. सळई टायटॅनियमची घ्यावी की त्याहून सुमारे दुप्पट ताठ अशा कोबाल्ट-क्रोमची, मणके तीन जोडावेत की पाच, सळईला बाक किती द्यावा, असे पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. साकवाचा एक गाळा काँक्रीटने पक्का केला की हादरे शेजारच्या जुन्या गाळ्याला बसू लागतात, तसे काही मणके एकमेकांना जखडले की हालचालीचा भार लगतच्या गादीवर जातो आणि काही वर्षांनी तिथेच नवे दुखणे उद्भवू शकते. शस्त्रक्रियेच्या वेळी हा धोका डोळ्यांना दिसण्यासारखा नसतो, म्हणून आकडेमोडीचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो इथे.

मात्र या आकडेमोडीत किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, हे रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. सीटी स्कॅन आडवे झोपवून काढतात, आणि झोपल्यावर कण्यावरचा शरीराचा भार उतरतो. स्कोलिओसिसच्या, म्हणजे कणा बाजूला वाकलेल्या, रुग्णाचा बाक उभ्यापेक्षा आडवे असताना कमी भरतो. म्हणूनच उभ्याने काढलेला, मानेपासून खुब्यापर्यंतचा पूर्ण लांबीचा एक्स-रे सोबत असल्याशिवाय प्रतिकृतीला योग्य आकार देता येत नाही. पाठीचे स्नायू प्रत्यक्षात किती जोर लावतात हे जिवंत माणसात थेट मोजता येत नाही, अस्थिबंधांचे गुणधर्म बहुधा मृतदेहांवरील चाचण्यांतून घेतलेले असतात, आणि जोडलेली हाडे पुढे खरोखर सांधतील की नाही हे ताणांच्या समीकरणांत येतच नाही. या कारणांनी अशी प्रतिकृती दोन योजनांपैकी बरी कोणती हे सांगण्यास जितकी भरवशाची, तितकी एखादी सळई अमुक वर्षे टिकेल हे सांगण्यास नाही. ताण रंगांनी दाखवणाऱ्या संगणकाच्या चित्रांबद्दलही मी वाचकांना सावध करू इच्छितो. चित्रात लाल रंग कुठे दिसावा हे मोजपट्टीची वरची मर्यादा ठरवणाऱ्याच्या हातात असते. मर्यादा निम्म्यावर आणली की तोच कणा भयंकर दिसू लागतो. शस्त्रक्रियेला राजी करण्यासाठी असे चित्र पुढे सरकवले गेले, तर मोजपट्टी कोणी ठरवली आणि पूर्वीच्या रुग्णांत भाकीत व प्रत्यक्ष परिणाम किती जुळले, हे विचारण्यात रुग्णाने मुळीच संकोच करू नये.

आता आपल्याकडची स्थिती. स्कॅन यंत्र मणक्याचे काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ घेऊ शकते, आणि प्रतिकृतीसाठी तेच लागतात. रुग्णाला मात्र जाड काप जुळवून छापलेली फिल्म आणि अहवालाचे एक पान मिळते; मूळ पातळ काप यंत्राच्या साठवणीतून काही काळाने पुसले जातात. माझ्या नात्यातील शाळकरी मुलीच्या बाबतीत हेच झाले. कोकणात काढलेली फिल्म घेऊन मंडळी मुंबईला गेली, तिथल्या सर्जननी मूळ फाइल मागितली, ती केंद्राकडे उरलेली नव्हती, आणि स्कॅन पुन्हा काढावा लागला. खर्चाचे सोडून देऊ. कमरेच्या मणक्यांच्या एका सीटी स्कॅनमधून साधारण ६ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग शरीराला मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी सुमारे २.४ आहे. वाढत्या वयाच्या मुलीला ही मात्रा दुसऱ्यांदा देण्यामागे वैद्यकीय कारण काहीच नव्हते, केवळ एक फाइल जपली गेली नाही.

आंबा काढणीच्या दिवसांत कलमावरून आणि एरवी माडावरून पडून मणका मोडलेले रुग्णही आपल्याकडे येतात. (दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला हे आंबे काढण्याचे साधन जमिनीवरूनच वापरला तर यातील काही अपघात मुळात टळतील, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.) उंचावरून पडल्यावर मार बहुतेक वेळा छातीचा ताठ कणा आणि कमरेचा लवचिक कणा जिथे मिळतात तिथे बसतो. अशा तातडीच्या शस्त्रक्रियेत ताणांचे सविस्तर गणित मांडण्याइतका अवधी नसतो, हे मान्य. तरीही पातळ कापांची फाइल रुग्णवाहिकेच्या आधी मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळीच्या सर्जनसमोर पोहोचली, तर स्क्रूंची आखणी रुग्ण वाटेत असतानाच होऊ शकते. आणि आपल्या महामार्गावर ती वाट किती वेळ खाते हे वाचकांना सांगायला नको.

गेल्या काही वर्षांत अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठात हेच घटक-विभाजनाचे गणित अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. या संस्थांनी एकत्र येऊन निदान पहिल्या प्रकारचे, म्हणजे आकाराचे, नियोजन इथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे अशी माझी सूचना आहे. थ्रीडी स्लायसरसारखी मोफत प्रणाली शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी उपलब्ध आहे, मात्र तिला उपचारासाठीची मान्यता नाही. प्रत्यक्ष रुग्णासाठी मान्यताप्राप्त प्रणालीच घ्यावी लागेल आणि तिच्यासाठी शासनाने तरतूद केली पाहिजे. बलांचे गणित सध्या संशोधनापुरते ठेवावे, आणि प्रत्येक रुग्णाचे भाकीत शस्त्रक्रियेनंतरच्या उभ्या एक्स-रेशी ताडून त्याची नोंद ठेवावी. चार वर्षांनी या नोंदीच सांगतील की त्यावर किती विसंबावे.

त्याआधी करण्याजोगे एक काम मात्र आरोग्य विभागाला जवळजवळ बिनखर्चात करता येईल. मणक्याच्या स्कॅनचे मूळ पातळ काप, फिल्म दिली असो वा नसो, पेन ड्राइव्हवर किंवा सुरक्षित दुव्यावरून रुग्णाला द्यावेत आणि केंद्राने ते निश्चित मुदतीपर्यंत जपावेत, असा आदेश कोकणातील सर्व सरकारी व खासगी स्कॅन केंद्रांना काढावा. तोवर डॉक्टरांनी स्कॅनच्या चिठ्ठीवर ‘पातळ काप, मूळ फाइलसह’ एवढे लिहावे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी फाइल हाती आल्याशिवाय केंद्रातून निघू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र-अभियांत्रिकी अध्यापक,
चिपळूण