‘प्रवास विमा समाविष्ट’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सध्या आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सहलींच्या जाहिरातींची गर्दी आहे. युरोप, व्हिएतनाम, काश्मीर. आणि खाली बारीक अक्षरांत ‘व्हिसा, टिप्स, प्रवास विमा समाविष्ट’. त्यातल्या विम्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत. मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून मिरजेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलींचा कारभार माझ्या गळ्यात आहे. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला साखर आहे, कोणाचा पासपोर्ट कधी संपतो, हे सगळे माझ्या वहीत असते. विम्याचे कागदही मीच वाचतो; बाकीचे दाखवू तिथे सही करतात.

या विम्याकडे सगळेच जण व्हिसाच्या फाइलमधला एक कागद म्हणून बघतात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, म्हणून टूर कंपनी त्या अटीत बसणारी स्वस्तातली पॉलिसी काढते आणि तीही फाइल जाताना. आपण बुकिंगचे पैसे भरतो जानेवारीत, निघतो मेमध्ये आणि पॉलिसी निघते एप्रिलमध्ये. मधल्या काळात काही झाले तर भरलेले पैसे रामभरोसे.

आमच्या संघातल्या एका वहिनींच्या बाबतीत नेमके हेच झाले. फेब्रुवारीअखेर न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया इथेच मिरजेत झाली, ती व्यवस्थित झाली. पण युरोप रद्द. मी टूर कंपनीला फोन लावला, म्हटले, विमा समाविष्ट आहे ना? पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, विमा अजून काढलेलाच नाही. व्हिसाच्या वेळी काढतो आपण.” मग त्यांनी रद्द करण्याच्या नियमांचा तक्ता पाठवला. प्रवासाची तारीख जितकी जवळ, तितकी कपात जास्त. नवराबायकोचे मिळून लाखाच्या वर गेले. कंपनीने काही बेकायदा केले असे मी म्हणत नाही, तक्ता बुकिंगच्या कागदामागे छापलेलाच होता. पण सहल रद्द झाल्यास भरपाई देणारी पॉलिसी बुकिंगचा पहिला हप्ता भरला त्याच आठवड्यात घेतलेली असती, तर अपघातामुळे सहल रद्द होणे हे तिच्यात अगदी सरळ बसणारे कारण होते. रद्द करण्याबाबतचे संरक्षण पॉलिसी निघाल्यापासून प्रवास सुरू होईपर्यंतच चालते. निघायच्या आदल्या दिवशी पॉलिसी घेणे म्हणजे गाडी सुटताना आरक्षणाच्या रांगेत उभे राहणे. प्रवासाला अजून बरेच महिने असले तर काही विमा कंपन्या इतक्या आधी पॉलिसी देत नाहीत. मग देतील त्या पहिल्या दिवशी घ्यावी. व्हिसा नाकारला गेला, तर नकाराचे पत्र दाखवून बहुतेक ठिकाणी थोडी रक्कम कापून विम्याचा हप्ता परत मिळतो.

रद्द करण्याची कारणेही ठरलेली असतात. आजारपण, अपघात, जवळच्या नात्यात मृत्यू, असे काही. ‘मन बदलले’ किंवा ‘भीती वाटली’ ही कारणे चालत नाहीत. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला, त्यात आपल्या राज्यातलीही माणसे गेली. त्यानंतर काश्मीरची बुकिंग रद्द करणाऱ्यांची रीघ लागली. माझ्याकडेही फोन आले, आता विमा काढला तर चालेल का म्हणून. घडून गेलेल्या घटनेवर नंतर काढलेला विमा चालत नाही, हे त्यांना सांगताना मलाच अवघड वाटत होते. त्याआधी मे २०२३ मध्ये ऐन हंगामात गो फर्स्टची विमाने अचानक बंद पडली, तेव्हाही हाच प्रश्न. विमान कंपनीचे दिवाळे साध्या प्रवास विम्यात सहसा धरलेले नसते.

आता वयाचा मुद्दा, कारण आमच्या संघात साठीच्या आतला कोणी नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘५०,००० डॉलर’. चार पाने उलटली की साठीवरील प्रवाशांसाठी वेगळा तक्ता. खोलीचे भाडे दिवसाला इतकेच, शस्त्रक्रियेला इतकेच, रुग्णवाहिकेला इतकेच. वरची रक्कम कितीही मोठी असली, तरी पैसे या तक्त्याप्रमाणे मिळणार. अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्यांनी तर हा तक्ता आधी शोधावा, बाकीचे नंतर वाचावे. आणि बीपीची गोळी चालू असेल तर अर्जात तसे लिहावे. ‘कशाला सांगायचे, हप्ता वाढेल’ असे सांगणारा एजंट दावा नाकारला गेल्यावर फोन उचलत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी बहुतेक पॉलिसी फक्त जीव वाचवण्यापुरता खर्च देतात, तोही मर्यादेत. तो दुखण्याचा नियमित उपचार नसतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे.

परदेशातला मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही पोचा, मग मी ऑनलाइन काढतो.’ भारतातली कंपनी परदेशात पोचलेल्या माणसाला सहसा नवी पॉलिसी देत नाही. मुदतवाढ हवी असली तरी मुदत संपायच्या आत मागावी लागते.

देशातल्या सहलीला विमा घ्यावा का? अष्टविनायक, कोकण, गोवा यासाठी मी तरी घेत नाही आणि संघालाही घ्यायला लावत नाही. घरची मेडिक्लेम भारतभर चालते. जिथे जाणार तिथे कॅशलेस रुग्णालय कुठले, एवढे बघून ठेवायचे. एसटीच्या तिकिटात २०१६ पासून अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया घेतात, तो अनेकांना माहीतच नाही. लेह किंवा केदारनाथचे वेगळे. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथून माणसाला हवाई मार्गाने खाली आणायची वेळ आली तर खर्च कोण देणार, हे मेडिक्लेमच्या कागदात आधी वाचावे.

रेल्वेचा विमा मात्र सोडू नये. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना माणशी ४५ पैसे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, अंशतः कायम अपंगत्वास साडेसात लाख, रुग्णालयाच्या खर्चापोटी २ लाखांपर्यंत. खिडकीवरच्या तिकिटाला तो नाही, आणि वेटिंगवाल्यालाही नाही. हा विमा रेल्वे अपघाताचा आहे, सामान चोरीचा नव्हे. तिकीट काढल्यावर मोबाइलवर विमा कंपनीचा संदेश येतो, त्यातल्या दुव्यावर वारसाचे नाव भरायचे असते. आमच्या संघात विचारले, तर जवळजवळ सगळ्यांनी तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकलेला. वारस न नोंदवल्यास कायदेशीर वारसांना कोर्टकचेरीची कागदपत्रे जमवत बसावे लागते. मी आता तिकिटे काढली की संघाच्या कार्यालयात प्रत्येकाला शेजारी बसवून नाव भरून घेतो.

दावा नाकारला गेला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. आम्हा सांगली-मिरजकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, फी नाही.

आपल्याला एवढीच विनंती, की जाहिरात घेताना टूर कंपन्यांना दोन गोष्टी छापायला सांगाव्यात: विमा कोणत्या तारखेपासून लागू होणार, आणि सहल रद्द झाल्यास त्यात भरपाई आहे की नाही. आमच्या व्हिएतनामच्या बुकिंगला मी हे विचारले. विमा आम्ही निघायच्या फक्त महिनाभर आधी काढतो, असे उत्तर आले. मग आम्ही त्याच आठवड्यात आपला आपण काढला आणि समाविष्ट विम्याची रक्कम बिलातून वजा करा म्हणालो. थोडी कुरकुर झाली, पण वजा केली.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, मिरज