ठेंगू सशाला छोटा पिंजरा पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ठेंगू जातीच्या सशांवर जो सचित्र लेख आला, त्यातील छायाचित्राविषयी आणि त्या अनुषंगाने लेखातल्या काही विधानांविषयी हे पत्र लिहीत आहे. छायाचित्रात सात-आठ वर्षांची एक मुलगी सशाला मांडीवर उताणे निजवून बसली आहे. सशाचे चारही पाय वर आहेत, डोळे सताड उघडे आणि स्थिर आहेत, आणि खाली ओळ छापली आहे, ‘लाडात आलेला इवला पाहुणा’. मी गेली नऊ वर्षे ठेंगू ससे पाळते आहे. तो ससा लाडात आलेला नाही, घाबरून थिजलेला आहे. शिकारी जनावराच्या तावडीत सापडल्यावर सुटकेची शेवटची संधी मिळावी म्हणून सशाचे शरीर जसे निपचित होते, तसेच ते उताणे केल्यावरही होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की त्याला सुख लागले आहे.

छायाचित्राची चूक एखाद्याच्या हातून होऊ शकते, पण लेखाचा सूरही त्याच चुकीचा आहे. ससा लहान, म्हणून त्याला लहान घर चालते. लहान, म्हणून पिंजरा लहान चालतो. लहान, म्हणून खर्च आणि कष्ट कमी. आणि लहान, म्हणून तो लहान मुलांसाठी उत्तम. माझी हरकत या प्रत्येक ‘म्हणून’ला आहे. ठेंगूपण हीच या सशाची सर्वांत मोठी अडचण आहे आणि लेखात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

‘नेदरलँड ड्वार्फ’ ही यांतली सर्वांत ओळखीची जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समध्ये छोट्या पांढऱ्या पोलिश सशांचा रानटी सशांशी संकर करून ती घडवली गेली. पूर्ण वाढलेला ससा साधारण १ किलोच्या आसपास भरतो. हॉलंड लॉप किंवा जर्सी वूली यांसारख्या नंतरच्या जातींतही हेच ठेंगूपण उतरले आहे, आणि ते येते एका जनुकातल्या बिघाडातून. एचएमजीए२ या जनुकाच्या जागी डीएनएचा सुमारे १२,१०० अक्षरांचा एक तुकडा या सशांमध्ये गळालेला असतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा बिघाड आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला, तर पिल्लू ठेंगू होते; दोघांकडूनही आला, तर ते जगत नाही. म्हणजे दोन अस्सल ठेंगू ससे जुळवले की सरासरी दर ४ पिल्लांमागे १ पिल्लू काही दिवसांचेच आयुष्य घेऊन जन्माला येते. पैदास करणारे त्याला ‘पीनट’ म्हणतात, शेंगदाण्याएवढे, म्हणून.

हे मी वाचले नंतर, पाहिले आधी. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगून दिलेल्या माझ्या पहिल्या जोडीत एक नर निघाला. लहान वयात सशाचे लिंग ओळखणे अवघड असते हे खरे, पण मग खात्रीने सांगू तरी नये. जोडी साडेपाच महिन्यांची झाली तेव्हा एका सकाळी कोपऱ्यातल्या गवतावर उपटलेल्या केसांचा ढीग दिसला, आणि तो हलत होता. आत ४ पिल्ले होती. तीन चांगली गुबगुबीत होती. चौथे त्यांच्या निम्म्याने, डोके अंगापेक्षा फुगलेले, कान अगदी इवले आणि डोक्याच्या मागच्या बाजूला सरकलेले, मागचे पाय काडीसारखे. ससाणी, म्हणजे सशाची मादी, पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा, जेमतेम चार-पाच मिनिटे पाजते. तेवढ्या वेळात त्या तिघांची पोटे ढोलकीसारखी ताठ होत, आणि चौथ्याच्या पोटाची कातडी होती तशी सुरकुतलेली राही. मी ड्रॉपरने दूध घालून पाहिले, ते गालांवरूनच ओघळले. तिसऱ्या दिवशी ते गेले. पशुवैद्यांनी कारण समजावून सांगितले तेव्हा उमगले, की ज्या गोल चेहऱ्यावर आणि आखूड कानांवर भाळून मी ती जोडी आणली, ते आखूड कान आणि हे पिल्लू एकाच जनुकाची देणगी होते. व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, हे मात्र मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ते पुढच्या महिन्यात ठाऊक झाले.

लेखात दातांविषयी एकच वाक्य आहे, ‘सशांना कुरतडायला लाकूड द्यावे’. सशाच्या तोंडात २८ दात असतात आणि ते सगळे, म्हणजे पुढचे पटाशीचे दातच नव्हे तर मागच्या दाढाही, आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर वाढतात. लाकडाने दाढा झिजत नाहीत. त्या झिजतात गवताने. लांब धाग्याचे वाळलेले गवत तासन्‌तास आडवे दळत बसल्याने. ठेंगू सशात या कामाला आणखी एक खोट असते, ती अशी की त्याचा चेहरा आखूड केला गेला आणि जबडा त्यात दाटीवाटीने बसवावा लागला, त्यामुळे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. बसले नाहीत की झिजत नाहीत, आणि झिजले नाहीत की वाकून जिभेत किंवा गालात रुततात. डोळ्यांतून सतत पाणी येणे हीसुद्धा पुष्कळदा दातांच्या मुळांचीच तक्रार असते, कारण अश्रूंची नळी त्या मुळांना लागूनच जाते.

माझ्या थोरल्या ससाणीने एका संध्याकाळी कोथिंबिरीचे पान तोंडात घेतले, दोनदा चावले आणि खाली टाकले. पुन्हा उचलले, पुन्हा टाकले. मग ती अंग आक्रसून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसली, आणि जवळ कान नेल्यावर दातांवर दात घासल्याचा कर्रकर्र आवाज ऐकू आला. ससा खुशीत असतानाही दात हलकेच वाजवतो, पण तो आवाज मऊ असतो. हा वेगळा होता. पिंजऱ्याखालच्या कागदावर रोज दोनशेच्या वर वाटाण्याएवढ्या लेंड्या पडत, त्या दिवशी मोहरीहून थोड्या मोठ्या, केसांत ओवल्यासारख्या दहा-बाराच होत्या. सशाला ओकारी काढता येत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही, तर आतडे थंडावते, गॅस धरतो, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत जनावर हातचे जाऊ शकते. डॉक्टरांनी तिला भूल देऊन तोंड उघडून दाखवले, तर दाढेला आलेल्या काट्याने जिभेची कड कापली गेली होती. दाढा घासून घेतल्या, तिसऱ्या दिवशी ती खाऊ लागली. यातली चूक माझी होती. मी तिला विकतचे रंगीत दाणे आणि गाजर भरपूर देत होते, त्यामुळे गवताकडे ती ढुंकूनही पाहत नसे, आणि ती आवडीने खाते याचेच मला कौतुक होते.

म्हणून नव्या पाळणाऱ्याला मी सांगेन, की सशाच्या खाण्यात पाचापैकी चार हिस्से वाळलेले गवत असावे, तेही दिवसरात्र समोर. टिमोथीसारखे गवत उत्तम. लसूणघास फक्त वाढत्या पिल्लांना, कारण मोठ्या सशाच्या शरीरात त्याने चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण वाढून मूत्राशयात गाळ साचतो. पालेभाजी रोज मूठभर, दाणे चमचा-दीड चमचा, आणि गाजर हा खाऊ आहे, जेवण नव्हे. पहाटे ससा स्वतःच्या मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या थेट खातो, तेव्हा त्याला रागावू नये. एकदा आंबवलेले अन्न दुसऱ्यांदा पचवण्याची त्याची ती रीत आहे, आणि ती बंद पाडली तर तो आजारी पडतो.

आता पिंजऱ्याविषयी. ससा १ किलोचा असला तरी त्याला उड्या मारायच्या असतात त्या सशाच्याच, आणि खरे सांगायचे तर ठेंगू ससा मोठ्या जातीच्या सशापेक्षा जास्त चपळ आणि जास्त बुजरा असतो. मोठा ससा सतरंजीवर पसरून पडतो, हा खोलीभर धावतो. पिंजरा ही त्याची निजायची जागा असावी. रोज काही तास तरी त्याला मोकळी जमीन हवीच. तळाला जाळी असलेला पिंजरा तर घेऊच नये. कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या सशाच्या तळव्यांना नसतात, नुसते केस असतात, आणि जाळीवर बसून तळव्यांना फोड येतात. सांगाड्याचेही असेच. सशाची हाडे त्याच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के भरतात, मांजराची १२-१३ टक्के. उलट मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त. वर उचललेल्या सशाने सुटण्यासाठी जोराने लाथ झाडली, तर त्या जोराने त्याचाच कणा मोडू शकतो. मुलाच्या हातातून ससा निसटून पडला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा इजा पडण्याआधीच झालेली असते. मुलांनी जमिनीवर बसावे आणि सशाला आपणहून जवळ येऊ द्यावे. त्याला वेळ लागतो, आणि मुलांना तोच नको असतो.

‘ससा उघड्यावर राहणारा प्राणी, ऊन-थंडी सहज सोसतो’ हे लेखातले वाक्य तर दोन वेगळ्या प्राण्यांची सरमिसळ करते. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, त्यामुळे हा घोळ समजण्यासारखा आहे. माळावर, ढेकळांच्या आडोशाला उघड्यावर राहतो तो वेगळा; त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज मूळ स्पेन-पोर्तुगालच्या भागातले, जमिनीखाली बिळे करून टोळीने राहणारे. त्यांची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. बिळात राहणाऱ्याला उन्हाची सवय नसते. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि ठेंगू सशाचे कान तर आपण हौसेने दोन इंचांवर आणून ठेवले आहेत. तापमान तिशीच्या पुढे गेले की त्याला सावली, वारा आणि गार फरशी मिळालीच पाहिजे. पाण्यात मात्र बुडवू नये. अंघोळीच्या धसक्याने ससे दगावतात.

टोळीने राहणारा प्राणी असल्यामुळे तो एकटाही ठेवू नये, पण जोडी ठेवायची तर आधी दोघांचेही निर्बीजीकरण करावे. ते केवळ पिल्ले टाळण्यासाठी नाही. निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांत वय वाढले की गर्भाशयाचा कर्करोग फारच सर्रास आढळतो. हे काम आणि दातांचे काम सशांची सवय असलेल्या पशुवैद्यांकडूनच करून घ्यावे, आणि असे पशुवैद्य ससा आणण्याआधी शोधून ठेवावेत. कुत्र्यांवर पिसवांसाठी वापरतात ते फिप्रोनिल सशाला विषासारखे आहे, आणि तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाने त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. घरातले उरलेले औषध सशाला चालवणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

विक्रीविषयी एक मुद्दा उरतो. चार आठवड्यांचे पिल्लू पुष्कळ जातींत तळहातावर मावते, त्यामुळे ‘ठेंगू’ म्हणून घेतलेला ससा वर्षभरात तीन किलोचा झाल्याच्या कहाण्या मी अनेक ऐकल्या आहेत. असे ससे मग नकोसे होतात. शिवाय इतक्या लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाचे पोट पुष्कळदा बिघडते. पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ असावे, आणि विक्रेत्याने त्याचे आईबाप व त्यांचे वजन दाखवावे. जो दाखवत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. आणि घेणारा मोठा माणूस असावा, कारण नीट सांभाळलेला ससा ८ ते १० वर्षे जगतो. आज दुसरीतला मुलगा हट्ट करतो, तो ससा म्हातारा होईल तेव्हा कॉलेजात असेल.

हे वाचून मी ससे पाळण्याच्या विरुद्ध आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. दिवेलागणीच्या सुमारास माझी धाकटी ससाणी पलंगाखालून बाहेर येते, खोलीच्या मध्यावर क्षणभर थांबते आणि मग काहीही कारण नसताना हवेत उडी घेऊन डोके एकीकडे आणि मागचे पाय दुसरीकडे झटकते. ससा खूश असल्याची ती खूण आहे. नऊ वर्षांत तिला आणि तिच्या आईला मी हे हजारो वेळा करताना पाहिले, पण ते जमिनीवर. मांडीवर घेतल्यावर एकदाही नाही.

पुढील पुरवणीत त्या छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी आणि शक्य झाल्यास सशाला असे उताणे धरू नये, एवढे एक वाक्य तिला जोडावे, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक