पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र : शूटिंगची गाडी बेळगावात थांबवायची असेल तर

मा. पर्यटन मंत्री,
कर्नाटक सरकार, यांस

सप्रेम नमस्कार.

मुंबई-कोल्हापूरकडून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी शूटिंगची युनिटं बेळगावात थांबतात ती चहापुरती आणि कुंद्याचे डबे घेण्यापुरती. अतुल कुलकर्णी इथले, कुमार गंधर्व सुळेभावीचे, पु. ल. देशपांडे आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, ही नावं गावातल्या प्रत्येक सूत्रसंचालकाला पाठ आहेत. त्या पुण्याईवर युनिट मुक्कामाला येत नाही. युनिटला सही लागते, आणि ती कोणाकडे मागायची हेच इथे पटकन कळत नाही.

शूटिंगला माणसं, गाड्या, जेवण आणि जनरेटर पुरवणाऱ्या आम्हा लोकांची मागणी एकच आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात शूटिंगसाठी एक अधिकारी नेमा आणि त्याच्या टेबलावर जिल्ह्याचं एक वेळापत्रक ठेवा.

किल्ल्याचंच घ्या. आतली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची. तिच्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडे जावं लागतं. आसपास लष्कराचा वावर, त्यांची संमती वेगळी. बाहेर रस्त्यावर गाड्या लावायच्या तर पोलीस आयुक्तालय. कॅम्पात शिरलात की कॅन्टोन्मेंट बोर्ड, कॅम्प ओलांडलात की महापालिका. ड्रोनसाठी सांबरा विमानतळाच्या हद्दीपासूनचं अंतर मोजायचं. 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत मोकळीक आहे. एका दिवसाच्या कामाला इतके उंबरठे. यातली एक सही अडली की बाकीच्यांच्या तारखा उलटून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पोर्टलवर अर्ज टाकता येतो हे मान्य, पण कुलपाची किल्ली असलेल्या माणसाला फोन शेवटी कोणीतरी करावाच लागतो.

बसदीच्या छताला जे दगडी कमळ लोंबतं, ते पाहून प्रत्येक कॅमेरामन खुळावतो. तिथे काय करू नये हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. छत बुटकं, दगड काळपट, म्हणून लाइटवाले आधी मोठा दिवा आत न्यायला बघतात. मोठा दिवा नकोच. दाराबाहेरून पांढऱ्या कापडावर प्रकाश मारून तो आत परतवला की पाकळीन् पाकळी उठून दिसते. आत धुराचं मशीन नको, खांबाला क्लॅम्प नको, ट्रॉलीचे रूळ थेट फरशीवर नकोत. खाली रबरी मॅट हवी. जनरेटर 100 मीटरच्या आत उभा राहिला पाहिजे. केबल त्याहून लांबली की व्होल्टेज पडतं, मोठ्या दिव्यांना वीज नियंत्रित करून देणारे बॅलास्ट ट्रिप होतात आणि अभिनेता संवाद अर्धवट सोडून वर बघत बसतो. 125 केव्हीएचं धूड कुठे उभं करायचं ती जागा एकदाच आखून दिली तर दर वेळचा वाद मिटेल. अशी एक-एक पानाची माहिती प्रत्येक जागेची हवी : गाडी कुठपर्यंत जाते, वळण किती अरुंद, हेस्कॉम या वीज कंपनीचं तात्पुरतं कनेक्शन मिळेल का, मोबाइलला रेंज आहे का. जांबोटीच्या पुढे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' असंच येईल.

गोकाकचा धबधबा 52 मीटर उंच. फोटो पावसाळ्यातला बघून युनिट उन्हाळ्यात येतं आणि समोर कोरडा कातळ. घटप्रभेला पाणी असतं ते पावसात. एरवी हिडकल धरणातून किती सुटतंय त्यावर सगळं. ते वेळापत्रक नीरावरी निगम या राज्याच्या पाटबंधारे महामंडळाकडे असतं, त्याची एक प्रत या टेबलावर का नसावी? भीमगडचं उलट. तिथे हिरवाई हवी तेवढी, पण ते अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 28 खाली परवाना लागतो आणि अधिवासाला धक्का लागेल असं काही करता येत नाही. सेट बांधायचा विचारच सोडावा. हे निर्मात्याला मुंबईतच कळलं तर त्याचे रेकीचे, म्हणजे जागा आधी पाहून जाण्याचे, पैसे वाचतील आणि जंगलाचीही डोकेदुखी टळेल.

वेळापत्रकाचं महत्त्व इथे राहणाऱ्यालाच कळतं. डिसेंबरात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा लॉजला खोली नाही आणि पोलीसही मोकळा नाही. पौर्णिमेला सौंदत्तीच्या रस्त्यावर यल्लम्माच्या भक्तांची रीघ. गणपतीत गल्ल्या मांडवांनी भरलेल्या. 1 नोव्हेंबरच्या राज्योत्सवाच्या आगेमागे मराठी पाटीची गाडी रस्त्यावर आणायला निर्माते बिचकतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

याच वेळापत्रकात उद्घाटनाला येणाऱ्या तारे-तारकाही नोंदवा. दुकानाची फीत कापायला पाहुणे दोन तासांसाठी येतात आणि अख्खा रस्ता तुंबतो. सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला जेमतेम 80 माणसं बाहेर पडतात. पाच हजार लोकांना तीन मीटरचं एकच तोंड दिलंत तर वीस मिनिटं लागतात, तीही कोणी ढकललं नाही तर. 4 जून 2025 ला बेंगळुरूत स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जीव गेले. खडेबाजार किंवा गणपत गल्लीसारख्या ठिकाणी असे कार्यक्रम नकोतच. मैदान द्या, आत जायची आणि बाहेर पडायची तोंडं वेगळी ठेवा.

माणसांची मात्र इथे ददात नाही. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांवर रात्रभर सजीव देखावे करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. फेटा बांधणं, ढाल पेलणं, दाढी चिकटवणं त्यांना शिकवावं लागत नाही. ऐतिहासिक चित्रपटाला असे शंभर मावळे बाहेरून आणायचे तर प्रवास, मुक्काम आणि जेवणातच पैसा संपतो. मंडळवार यादी करायला चार कारकुनांना आठवडाही लागणार नाही. यादीत मजुरीचा दर आणि 12 तासांची शिफ्ट लिहा, म्हणजे मधला दलाल निम्मे पैसे खाणार नाही.

अर्जाचा नमुना कन्नडमध्ये असू द्या, आमची ना नाही. शेजारी मराठी आणि इंग्रजी रकाना छापा. कथासारांश कोणत्या भाषेत चालेल तेही त्यावरच लिहा, कारण भाषांतर करून आणा म्हणून परत आलेला अर्ज सहसा दुसऱ्यांदा येत नाही. युनिट तोवर गोव्यात पोचलेलं असतं.

पावसाळ्यातल्या शूटिंगच्या तारखा एप्रिल-मेमध्येच ठरतात. अधिकारी त्याआधी नेमला गेला तर गोकाक आणि जांबोटीच्या जागांची माहिती यंदाच देता येईल. त्यासाठीची मोजमापं करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
शूटिंगच्या कामांवर पोट असलेले बेळगावकर