बाबा, सभासदत्व रद्द केलेलं नाही

नाशिक

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन तुमचं पुस्तक परत केलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपायी तुम्ही रद्द करायला सांगितलेलं सभासदत्व मात्र रद्द केलं नाही, उलट पुढची वर्गणी भरून आले. फोनवर सांगितलं असतं तर "बरं बरं" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिला असतात, म्हणून हे पत्र.

"वाचून वाचूनच डोळे गेले" हे तुम्ही दादाच्या शेजाऱ्यांनाही सांगत सुटला आहात म्हणे. वाचनाने मोतीबिंदू होत नाही हो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं, ते काढून कृत्रिम बसवतात. मधुमेह असला की तो लवकर गाठतो, तेव्हा बोल लावायचाच तर फ्रिजमधून रात्री नाहीशा होणाऱ्या पेढ्यांना लावा. ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात नजर स्थिरावली की जवळचा नंबर काढून देतील. तोवर थेंब वेळेवर घाला आणि डोळा चोळू नका.

आता आई. माझ्या पर्समधल्या पुस्तकाबद्दलची तुझी तक्रार दादाकडून पोचली. "लग्नात कोणी पुस्तक काढून बसतं का!" अगं, मुहूर्त साडेबाराचा, सव्वा वाजला तरी नवरदेव डीजेपुढे नाचतोय, मग मुठीत अक्षता धरून मी नुसतं बसायचं? शेजारच्या चौघी मोबाइलात डोकं घालून बसल्या होत्या, त्यांना कोणी हटकलं नाही. पुस्तक दिसलं की मात्र मुलगी शिष्ट.

आणि हे खूळ माझ्यात आलं कुठून? ओझरला एचएएलच्या, विमान कारखान्याच्या, बसमध्ये बाकीचे डुलक्या काढायचे, आणि बाबांच्या रेक्झिनच्या बॅगेत डब्याला खेटून पुस्तक असायचं. तूच भरायचीस तो डबा. लोणच्याचं तेल पानांना लागलं की वाचनालयातल्या बाई पुस्तक दोन बोटांत धरून आमच्याकडे बघायच्या. दिवसभर मिग विमानांत डोकं घालणाऱ्या माणसाला परतीच्या वाटेवर पेशवाईच लागायची, याचं मला अजून नवल वाटतं.

माझं आता शास्त्रच ठरून गेलंय. बँकेत कथासंग्रह, म्हणजे आपला नंबर पुकारला तरी धागा तुटत नाही. द्वारका चौकात सिटीलिंक बस अडकली की कविता. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं असेल तर कादंबरी. कसारा घाटात बोगदे लागले की रेंज जाते आणि सगळा डबा एकदम मान वर करून एकमेकांकडे बघतो. तेव्हा मला जो आसुरी आनंद होतो, तो तुम्हाला सांगून चालेल, दुसऱ्या कोणाला नाही. पावसाळ्यात पुस्तकाला दुधाची धुतलेली पिशवी. ती तुझीच युक्ती, आई.

बाबा, सावाना 1840 सालापासून चालू आहे, तुमच्या एका ऑपरेशनसाठी थोडं थांबेल. जिना चढवत नाही म्हणालात, तर पुस्तकं मी बदलून आणेन. 2021 च्या डिसेंबरात आडगावला साहित्य संमेलन भरलं तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून, खांद्याला पिशवी अडकवून तुम्ही पुस्तकांचे सगळे स्टॉल पालथे घातले होते. घरी आल्यावर आईला किंमती कमी करून सांगितल्यात. (आई, आता कळलंच तुला.) त्यातली चार-पाच पुस्तकं अजून उघडलेलीच नाहीत, काल कपाट पुसताना दिसली.

दादाला सांगून ऐकायची पुस्तकं मोबाइलात घालून देते. "ऐकणं म्हणजे काय वाचणं?" म्हणून नाक मुरडू नका, कीर्तनाला बसता तेव्हा कुठे मुरडता? नाहीतर आई वाचून दाखवेल. फक्त भांडणाचे संवाद तिला देऊ नका, ती मनापासून वाचते.

इकडे थंडी पडायला लागली आहे. येताना दोघांचे स्वेटर वरच ठेवा. आणि सावानातून पहिलं कोणतं पुस्तक आणू ते दादाकडून लिहून पाठवा, मोठ्या टायपातलं असेल तर उत्तम. फार जाड नको, पर्सचा बंद तुटायला आलाय.

तुमची,
ठमी